‘आपल्याकडे मॅगलेव येतेय’ असा फॉरवर्ड आला की काय काय तपासायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी ग्रुपवर मॅगलेवचा, म्हणजे चाकांऐवजी चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणाऱ्या गाडीचा, तो व्हिडिओ येतोच. पांढरीशुभ्र लांब नाकाची गाडी, जमिनीला न टेकता सुसाट सुटलेली, खाली लिहिलेलं की मुंबई-पुणे एवढ्या मिनिटांत, आणि मग त्याखाली नेहमीची जुंपते, एक म्हणतो लोकल वेळेवर येत नाही आणि चालले मॅगलेव करायला, दुसरा म्हणतो तुमच्यासारख्यांमुळेच देश मागे राहिला. गाडीबद्दल दोघंही काही बोलत नाहीत. ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय की ही बातमी कितपत खरी आणि एवढी भारी गाडी असून ती जगभर का पसरली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि गुगल मॅप एवढंच लागेल.

सुरू करायच्या आधी एक समज डोक्यातून काढून टाका, की हे तंत्रज्ञान अजून ‘बाल्यावस्थेत’ आहे वगैरे. हर्मान केम्पर नावाच्या जर्मन इंजिनिअरला याचं पेटंट १९३४ मध्ये मिळालं. १९८४ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅम एअरपोर्टवर साधी जनता मॅगलेवमधून जात होती, फक्त ६०० मीटर का होईना. शांघायची गाडी वीस वर्षांच्या वर रोज धावतेय. म्हणजे गाडी तरंगते, पळते, थांबते, सगळं होतं. तरीही आज जगात रोजच्या प्रवाशांसाठी चालणाऱ्या मॅगलेव लाइनी हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच, आणि त्यातली खऱ्या अर्थाने हायस्पीड अशी एकच, शांघायची. बाकीच्या, म्हणजे जपानमध्ये नागोयाजवळची लिनिमो, चीनमध्ये चांगशाची, बीजिंगची एस-१, या मेट्रोच्या वेगाच्या आहेत. त्याच काळात एकट्या चीनने चाकावर चालणाऱ्या हायस्पीडचं जाळं ४५,००० किलोमीटरच्या पुढे नेलं. आणि पैसा, जमीन, हट्ट, यातलं चीनकडे काय कमी होतं सांगा.

बातमी कुठल्या जातीची आहे ते आधी ओळखा

मॅगलेवच्या बातम्या साधारण चार प्रकारच्या असतात: प्रयोगशाळेतली, टेस्ट ट्रॅकवरची, एमओयूची आणि प्रत्यक्ष बांधकामाची. व्हॉट्सअॅपवर पहिल्या तीनच येतात, चौथी फार क्वचित.

प्रयोगशाळेतली ओळखायची युक्ती सोपी आहे. वेग किती आणि तो किती अंतरात गाठला एवढं बघा. २०२५ मध्ये चीनमधल्या एका प्रयोगशाळेने साधारण एक टनाचं वाहन ६०० मीटरमध्ये ताशी ६५० किलोमीटरपर्यंत पळवलं, जगभर बातमी झाली, आपल्याकडे ‘चीनची ६५० च्या स्पीडची ट्रेन सुरू’ म्हणून फिरली. आता ताशी ६५० म्हणजे सेकंदाला १८० मीटर, आणि ते सातेक सेकंदांत, म्हणजे माणसाला सीटमध्ये त्याच्या वजनाच्या अडीच पटीपेक्षा जास्त जोराने दाबणारा धक्का. हे प्रवासी गाडीचं कामच नाही. प्रयोग म्हणून उत्तमच आहे, पण त्यात ना डबा होता, ना सीट, ना माणूस.

टेस्ट ट्रॅकवरची बातमी त्याच्या एक पायरी वर. जपानच्या एल-झिरो गाडीने २१ एप्रिल २०१५ ला ताशी ६०३ किलोमीटरचा विक्रम केला तो यामानाशीच्या ४२.८ किलोमीटरच्या टेस्ट लाइनवर, आत माणसं बसलेली होती, हे खरंखुरं काम. पण विक्रमाचा वेग आणि रोजचा वेग यात फरक असतो, ती गाडी प्रवाशांना घेऊन ५०० ने चालवायची असं ठरलेलं आहे. आणि हो, चाकाच्या गाडीचाही विक्रम बघून ठेवा: फ्रान्सच्या टीजीव्हीने २००७ मध्ये ५७४.८ गाठलेले आहेत. साध्या लोखंडी रुळावर. तरी फ्रान्स रोज ३००-३२० नेच चालवतो, का ते पुढे येईल.

एमओयू म्हणजे दोन पार्ट्यांनी ‘बघू, करू’ असं लिहून फोटो काढणं. २०२० मध्ये भेल या सरकारी कंपनीने स्विसरॅपिड कंपनीबरोबर भारतात मॅगलेव आणण्यासाठी करार केला होता, पेपरात छान छापून आलं होतं. त्याआधी २०१८ च्या फेब्रुवारीत मॅग्नेटिक महाराष्ट्रमध्ये व्हर्जिन हायपरलूप वन या कंपनीबरोबर मुंबई-पुणे हायपरलूपचा करार झाला, पंचवीस मिनिटांत पुणे. हायपरलूप म्हणजे तरी काय, हवा काढून घेतलेल्या नळीतली मॅगलेवच. त्या कंपनीने २०२० मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात ५०० मीटरच्या नळीत माणसं बसवून ताशी १७२ किलोमीटरपर्यंत नेली, दुसऱ्या फेरीत पुण्याचा एक इंजिनिअरही होता, आपल्याकडे केवढं कौतुक झालं. १७२! आणि २०२३ च्या शेवटी कंपनीच बंद झाली. तेव्हा एमओयूची बातमी आली की तारीख लिहून ठेवायची, दोन वर्षांनी परत बघायची, एवढंच काम.

आता कॅल्क्युलेटर काढा

हा भाग नीट करा, कारण अर्धी उत्तरं इथेच मिळतात. बातमीतलं अंतर घ्या, त्याला एकदा ३२० ने भागा आणि एकदा ५०० ने, साठने गुणा, आणि दोन्हीतला फरक बघा. ३२० यासाठी की त्या वेगाची चाकाची गाडी आज जगात रोज चालते, त्यामुळे मॅगलेवची तुलना त्या गाडीशी करायची, डेक्कन क्वीनशी नाही. फॉरवर्डवाले नेहमी इथेच फसवतात, नव्या गाडीची तुलना सगळ्यात जुन्या गाडीशी करतात.

मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरा. ३२० ने २८ मिनिटं, ५०० ने १८. दहा मिनिटं वाचली, तीही गाडी सुटल्या सुटल्या पूर्ण वेगात आहे असं धरून. प्रत्यक्षात वेग पकडायला आणि सोडायला बरेच किलोमीटर जातात त्यामुळे हा फरक अजून कमी होणार. आणि घरापासून स्टेशनला पोचायला तुम्हाला पाऊण तास लागणार असेल तर त्या दहा मिनिटांचं काय करायचं हे तुम्हीच ठरवा.

शांघायचं उदाहरण तर एकदम मापातलं आहे. लोंगयांग रोड ते पुडोंग एअरपोर्ट, ३० किलोमीटर. पूर्ण वेगात, म्हणजे ताशी ४३१ ने गाडी ७ मिनिटं २० सेकंदांत पोचायची. वेग ३०० वर ठेवला की लागतात ८ मिनिटं १० सेकंद. किती वाचले? पन्नास सेकंद. जगातल्या सगळ्यात वेगवान प्रवासी गाडीचा जास्तीचा सगळा वेग ३० किलोमीटरमध्ये पन्नास सेकंदांचा ठरतो, आणि २०२१ पासून ती गाडी ३०० नेच धावतेय, प्रवाशांनी काही मोर्चा काढला नाही.

मग बुलेट ट्रेनचा मुंबई-अहमदाबाद मार्ग घ्या, ५०८ किलोमीटर. ३२० ने ९५ मिनिटं, ५०० ने ६१. चौतीस मिनिटांचा फरक, थोडा बरा. पण दोन्ही टोकं धरून बारा स्टेशनं आहेत, जेवढे थांबे जास्त तेवढी मॅगलेवची आघाडी विरघळते, कारण वेग जेवढा मोठा तेवढा तो परत परत पकडणं महाग.

बीजिंग-शांघाय १३१८ किलोमीटर. तिथे आज चाकाची सगळ्यात जलद गाडी सव्वाचार तासांच्या आसपास घेते आणि ५००-६०० ची मॅगलेव असती तर दीड तास तरी आरामात वाचला असता, विमानाशी टक्कर घेता आली असती. इथे खरा फायदा दिसतो. पण १३१८ किलोमीटरची लाइन बांधायची कोणी? चीनने या मार्गासाठी मॅगलेव की चाक यावर बरीच वर्षं वाद घातला, शांघायची ती ३० किलोमीटरची लाइन बांधून बघितली, आणि मग २०११ मध्ये चाकाची लाइन सुरू केली.

म्हणजे पेच असा आहे की जेवढ्या अंतराची मॅगलेव परवडते तेवढ्या अंतरात ती वेळ वाचवत नाही, आणि जेवढ्या अंतरात वेळ वाचवते तेवढी ती परवडत नाही. मला विचाराल तर या गाडीच्या सगळ्या रडगाण्याचं मूळ हे आहे, बाकीची कारणं याच्याच फांद्या. फॉरवर्डमधला मार्ग या दोन टोकांच्या मधे कुठे बसतो ते आधी ठरवा, नव्वद टक्के वेळा पुढे वाचायची गरजच पडणार नाही.

गाडीची किंमत विचारू नका, रस्त्याची विचारा

लोक गाडीकडे बघतात कारण फोटो गाडीचा असतो. पण हायस्पीड मॅगलेवमध्ये इंजिन गाडीत नसतंच, ते रस्त्यात असतं. साध्या मोटरचं गोल पोट कापून सरळ पसरलं तर जे होईल ते लिनिअर मोटर, आणि ही मोटर सगळ्या लाइनभर, प्रत्येक मीटरला, तांब्या-अॅल्युमिनियमच्या वेटोळ्यांनी भरलेली बसवावी लागते. तासाला एकच गाडी जाणार असली तरी मोटर पूर्ण लांबीची लागते. चाकाच्या गाडीत लांबी वाढली तर तुम्ही रूळ आणि वायर वाढवता, इथे तुम्ही इंजिनच लांब करत जाता.

त्यात दोन घराणी आहेत. जर्मन ट्रान्सरॅपिड पद्धत, जी शांघायला आहे, त्यात गाडीचे चुंबक रस्त्याच्या खालच्या बाजूला असतात आणि रस्त्याकडे वर ओढले जाऊन गाडी उचलून धरतात, मधे फट साधारण एक सेंटिमीटरची. एवढीशी फट ४३१ च्या वेगाला कायम राखायची म्हणजे चुंबकांचा करंट सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त करत राहायचं आणि रस्ता मिलिमीटरच्या हिशोबाने बांधायचा. जमीन थोडी खचली की काम वाढलं, आणि शांघायची जमीन म्हणजे नदीच्या गाळाची, मऊ. जपानी पद्धत उलटी, तिथे गाडी चांगली दहा सेंटिमीटर वर तरंगते, रस्त्याची एवढी कटकट नाही, पण त्यासाठी गाडीत सुपरकंडक्टिंग चुंबक, ते उणे २६९ अंशांवर ठेवायला द्रवरूप हेलियम, आणि गंमत म्हणजे ताशी १५० च्या आसपास वेग येईपर्यंत ती गाडी रबरी टायरवर धावते, विमानासारखी. आणि या दोन घराण्यांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही, एकाची गाडी दुसऱ्याच्या रस्त्यावर अर्धा इंच सुद्धा हलणार नाही.

बातमीत खर्चाचा आकडा असेल तर त्याला किलोमीटरने भागा आणि लगेच विचारा की यात बोगदे किती टक्के. ५०० च्या वेगाला वळण घेता येत नाही, निदान प्रवाशांच्या पोटातलं न ढवळता तरी नाही, त्यामुळे लाइन जवळजवळ सरळ न्यावी लागते, आणि सरळ रेषेत जे येईल ते, डोंगर, नदी, शहर, सगळं पोखरायचं. जपानमध्ये बांधकाम चालू असलेली टोकियो-नागोया मॅगलेव लाइन २८६ किलोमीटरची, त्यातले सुमारे ८६ टक्के बोगदे. सुरुवातीचा अंदाज साडेपाच लाख कोटी येनच्या घरातला, २०२१ मध्ये तो ७ लाख कोटींच्या वर गेला, आणि २०२५ मध्ये ती बांधणाऱ्या जेआर सेंट्रल कंपनीने ११ लाख कोटी सांगितले. ११ लाख कोटी भागिले २८६ करा, किलोमीटरला आपले दोन हजार कोटी रुपयांच्या वर बसतात. मुंबई-अहमदाबादचा मूळ अंदाज १.०८ लाख कोटी रुपये होता, म्हणजे किलोमीटरला २१३ कोटी. ही तुलना सरळ सरळ करणं अन्यायाचं आहे, तिकडे बोगदेच बोगदे आणि भूकंपाचा देश, इकडे बहुतेक सगळं खांबांवर, पण आकड्यांची जातच वेगळी आहे हे तरी कळतं.

बोगद्यांचा अजून एक त्रास पैशाने सुटत नाही. त्या लाइनचा एक छोटासा तुकडा शिझुओका प्रांताच्या डोंगराखालून जातो, प्रांताला स्टेशन मिळणार नाही, आणि बोगद्यामुळे ओइ नदीचं पाणी कमी होईल अशी भीती. तिथल्या गव्हर्नरने वर्षानुवर्षं परवानगीच दिली नाही. २०२७ ला सुरू करायचं ठरलेलं, ते २०२४ मध्ये कंपनीने अधिकृतपणे सोडून दिलं, आता २०३५ च्या आसपासची भाषा आहे. कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा, ज्याच्या विहिरीचं पाणी जाणार आणि ज्याच्या दारात गाडी थांबणार नाही तो काय म्हणेल.

गाडी शहरात कुठे घुसते ते मॅपवर बघा

हा मुद्दा लोक सगळ्यात कमी तपासतात आणि माझ्या मते खर्चापेक्षा हाच जास्त मारतो.

फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस-लियों टीजीव्ही सुरू केली तेव्हा नवीन लाइन पूर्ण सुद्धा झालेली नव्हती, उरलेला तुकडा १९८३ मध्ये आला. तोपर्यंत काय? गाडी नव्या रुळावरून जेवढी जाते तेवढी सुसाट जायची आणि मग जुन्या रुळावर उतरून मुकाट जुन्या वेगाने पुढे. शहरात शिरताना पण जुनेच रूळ, जुनंच स्टेशन, म्हणजे शहराच्या मधोमध नवीन जमीन घ्यायची गरज नाही. आणि नवी लाइन जिथे संपते त्याच्या पुढच्या गावांना सुद्धा तीच गाडी विनाबदल मिळते. म्हणजे पहिल्या शंभर किलोमीटरपासून पैसे वसूल व्हायला लागतात.

मॅगलेवला हे काहीच जमत नाही. लाइन टोकापासून टोकापर्यंत पूर्ण झाल्याशिवाय तिचा उपयोग शून्य. शहरात घुसायचं तर स्वतःचा रस्ता, स्वतःचं स्टेशन. शांघायवाल्यांनी ते टाळलं, लोंगयांग रोड शहराच्या मध्यापासून लांब आहे, तिथे उतरून परत मेट्रो पकडायची. एअरपोर्टवरून सुटकेस घेऊन आलेला माणूस आठ मिनिटांत तिथे पोचतो आणि मग जिन्यावरून सुटकेस ओढत मेट्रोच्या गर्दीत. एकेरी तिकीट ५० युआन, आणि मेट्रोची लाइन २ सरळ त्याच एअरपोर्टला जाते, त्याच्या कितीतरी कमी पैशात. ही लाइन पुढे हांगझोपर्यंत न्यायची होती, २००८ मध्ये शांघायच्या लोकांनी घराजवळून जाणाऱ्या लाइनविरोधात रस्त्यावर येऊन निदर्शनं केली, ते रखडलं ते रखडलंच. आज हांगझोला लोक चाकाच्या हायस्पीडने जातात.

सांधा बदलणं हा पण एक वेगळाच प्रकार आहे. रेल्वेचा सांधा म्हणजे दोन पट्ट्या सरकवायच्या, संपलं. ट्रान्सरॅपिडमध्ये शंभर मीटरच्या आसपास लांबीचा पोलादी रस्ताच वाकवावा लागतो. त्यामुळे फाटे, लूप, जंक्शन, मधे बंद पडलेली गाडी बाजूला घेणं, रेल्वेच्या ज्या सवयी आपण गृहीत धरतो त्या सगळ्या इथे महागाच्या. मालगाडी तर विसराच.

जर्मनीने स्वतःच्या घरात हे गणित मांडून बघितलं. हॅम्बुर्ग-बर्लिन मॅगलेव, तासाभराच्या आत पोचवणारी, बरीच वर्षं योजना चालली आणि २००० मध्ये रद्द. मग त्यांनी काय केलं तर जुन्याच लाइनची डागडुजी करून २००४ पासून आयसीई ही त्यांची चाकाची जलद गाडी ताशी २३० च्या वेगाने सोडली, दीड तासाच्या आसपास. अर्धा-पाऊण तास जास्त, पण मधली गावं, मालगाड्या, बाकीच्या गाड्या, सगळ्यांनाच फायदा. पुढे म्युनिक एअरपोर्टची ३७ किलोमीटरची योजना १.८५ अब्ज युरोवरून ३ अब्जांच्या पुढे गेली तेव्हा २००८ मध्ये तीही गुंडाळली. ज्यांनी हे तंत्र जन्माला घातलं त्यांच्याकडे आज एकही प्रवासी लाइन नाही, आणि हे सांगितलं की फॉरवर्डवाला गप्प होतो, अनुभव आहे.

सुटे भाग कोण देणार

बातमीत कंपनीचं नाव असेल तर शोधा की हीच गाडी अजून किती शहरांत चालते आणि दुसरी कुठली कंपनी तिचे भाग बनवू शकते. रेल्वेचं चाक, अॅक्सल, ब्रेक जगात दहा ठिकाणी मिळतात. मॅगलेवच्या बाबतीत बऱ्याचदा उत्तर एक, किंवा शून्य. बर्मिंगहॅमची लाइन अकरा वर्षांनी, १९९५ मध्ये बंद झाली, त्यात मोठा वाटा याचाच होता की भाग मिळेनात आणि जे मिळतील ते महाग, जगात तशी दुसरी गाडीच नव्हती. पुढे तिथे दोरीने ओढणारी साधी गाडी बसवली.

आपल्याला हे नवीन नाही. मुंबईची मोनोरेल मॅगलेव नव्हे, टायरवरची आहे, पण दुखणं तेच. २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा सुरू झाली, गाड्या मलेशियाच्या एका कंपनीच्या, मग भाग मिळेनात, गाड्या कमी, कंत्राट रद्द, एमएमआरडीएने स्वतः चालवायला घेतली, २०१९ मध्ये पुढचा टप्पा, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दुरुस्ती-सुधारणेसाठी सेवाच थांबवली. मडगावला कोकण रेल्वेची स्कायबस होती ती आठवत असेल, २००४ मध्ये चाचणीत अपघात होऊन एक कर्मचारी गेला आणि तो खांबांवरचा सांगाडा मग कितीतरी वर्षं तसाच उभा होता. जगात एकच असलेली वस्तू घेताना एवढं बघायलाच हवं.

‘घर्षण नाही म्हणजे वीज कमी’ हे वाक्य दिसलं तर

अर्धं खरं आहे. चाकाचं घर्षण जातं, पण लोखंडी चाकाचं लोखंडी रुळावरचं घर्षण मुळात फारच कमी असतं, आणि मोठ्या वेगाला खरा शत्रू असतो हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ३०० वरून ५०० वर गेलात की ५ भागिले ३, त्याचा वर्ग, साधारण २.८ पट. म्हणजे तेवढंच अंतर कापायला हवेशी भांडण्यातच जवळजवळ तिप्पट वीज. टीजीव्हीने एकदा ५७४ गाठले तरी ती रोज ३२० च्या वर जात नाही, त्यात या बिलाचा मोठा वाटा आहे. एकाच वेगाला तुलना केली तर मॅगलेव थोडी सरस पडू शकते, पण कमी वेगाने चालवायला कोणी मॅगलेव घेत नाही ना. हायपरलूपवाले याच्यावरच म्हणाले की मग हवाच काढून टाकू, आणि मग शेकडो किलोमीटरची नळी हवाबंद ठेवायचं नवीन लचांड.

सुरक्षिततेचं वाक्य पण असतं, ‘रुळावरून घसरूच शकत नाही’. घसरत नाही हे बरोबर, पण २२ सप्टेंबर २००६ ला जर्मनीत एम्सलंडच्या टेस्ट ट्रॅकवर ट्रान्सरॅपिड समोर उभ्या असलेल्या देखभालीच्या गाडीवर आदळली आणि २३ माणसं गेली. चूक माणसांची होती, चुंबकाची नाही.

मग कुठेच नको का?

असं नाही, आणि या बाबतीत मी विरोधातला माणूस अजिबात नाही. जपानचं कारण नीट बघा. टोकियोहून नागोयाला जाणारी त्यांची चाकाची बुलेट ट्रेन लाइन, तोकाइदो शिनकानसेन, १९६४ ची, वर्षाला पंधरा कोटींच्या वर प्रवासी, गर्दीच्या तासाला बारा-बारा नोझोमी, म्हणजे तिथल्या सगळ्यात जलद गाड्या, सुटतात, अजून गाड्या बसवायला जागाच नाही, आणि मोठ्या भूकंपात ती एकच लाइन तुटली तर देशाचे दोन तुकडे. त्यांना दुसरी लाइन लागणारच होती, मग ती मॅगलेव करू म्हणाले, आणि दीड तासाचं नागोया ४० मिनिटांवर येणार. तरी त्यांची दमछाक चाललीय हे वर बघितलंच. कमी वेगाची मॅगलेव पण काही ठिकाणी शोभते, आवाज कमी, चढ चांगला चढते, घासणारे भाग नाहीत. लिनिमो २००५ पासून ८.९ किलोमीटरवर गुपचूप चालते, चांगशाची १८ किलोमीटरची २०१६ पासून. पण दक्षिण कोरियात इंचॉन एअरपोर्टवर २०१६ मध्ये ६.१ किलोमीटरची काढली, फुकट ठेवली तरी गर्दी होईना, २०२२ मध्ये थांबवली. फुकट! तेव्हा तुमच्या बातमीतल्या मार्गावर आज रोज किती लोक जातात, आणि आहे ती लाइन भरलीय का, हे विचारा. लाइन भरलेली नसेल तर पुढचं बोलणंच नको.

एवढं सगळं करून बातमी तग धरून राहिली तर शेवटचं काम म्हणजे कागद शोधायचे. खरा प्रकल्प खाणाखुणा सोडतो. बुलेट ट्रेन बघा, आवडो न आवडो, पालघर-ठाण्यात जमिनीच्या नोटिसा आल्या, सुनावण्यांत भांडणं झाली, कोर्टात केस गेल्या, माती तपासायला ड्रिलची मशीन शेतात उभी राहिली, आणि २०२० मध्ये २३७ किलोमीटरचं २४,९८५ कोटींचं कंत्राट सुटलं, ते कोणीही उघडून वाचू शकत होतं. म्हणून टेंडर शोधा, पर्यावरण सुनावणीची नोटीस शोधा, जिल्हाधिकारी कार्यालयाची भूसंपादनाची यादी शोधा, गावातल्या ओळखीच्या तलाठ्याला फोन करा, त्याला चॅनलवाल्यांच्या आधी कळतं. यातलं काहीच सापडलं नाही तर ग्रुपवर वाद घालत बसू नका, फक्त दोन प्रश्न टाका: स्टेशन नक्की कुठे आणि जमीन कोणाची. कोणी उत्तर दिलं तर मला पण पाठवा.